बारा बाटल्यांची सरासरी

पांढरी वाइन पांढरी नसते, ही पहिली गोष्ट. ती फिकट पिवळी असते, साधारण जुन्या सेलोटेपच्या रंगाची. खोकं उघडल्याच्या पहिल्याच मिनिटात ग्रॅमसाहेबांनी हे हेरलं आणि 'वर्णन व वस्तू यांत तफावत' अशी नोंद केली. मनातल्या मनातच केली, कारण समोर बायको उभी होती. अकरा वर्षं तुंबलेला पगारातला फरक एकरकमी हातात आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यावर पाणी सोडून ह्या खोक्याला होकार दिला होता. अशा बाईसमोर पहिल्याच मिनिटाला तफावत काढायला जे धाडस लागतं ते वजनमापे खात्यात कोणाकडेच नव्हतं.

ग्रॅमसाहेब ह्या खात्यात निरीक्षक होते. आईवडिलांनी त्यांचं नाव चांगलं हौसेने ठेवलं होतं, पण बाजारपेठेने ते कधी वापरात येऊ दिलं नाही. दोन ग्रॅमसाठी तराजू जप्त करणाऱ्या माणसाला बाजार आणखी काय म्हणणार? त्यांना ते टोपणनाव आवडायचं. फक्त आपल्याला 'किलोसाहेब' का म्हणत नाहीत, एवढाच विचार कधीतरी आंघोळ करताना त्यांच्या मनात येऊन जाई.

गुंतवणुकीचं खूळ डोक्यात आलं ते साडूमुळे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा गेली वीस वर्षं कशात ना कशात 'घालून ठेवत' आला होता, आणि जे जे घातलं ते ते दुप्पट होऊन बाहेर आलं होतं. ग्रॅमसाहेबांनी आयुष्यात जे घातलं ते तेवढंच बाहेर आलं, कधीकधी धुवून आटलेलं. एकदा जेवताना साडू बोलून गेला, की दोनशे तेवीस वर्षं एकाच घराण्याकडे असलेल्या एका द्राक्षमळ्याची पांढरी वाइन म्हणजे आजच्या घडीची सर्वांत घरंदाज गुंतवणूक. दहा वर्षं नुसती पडू द्यायची. दहाव्या वर्षी घराण्यातलं माणूस स्वतः येतं, बाटल्या तपासून त्यांवर घराण्याचा शिक्का मारतं, आणि मग किंमत विचारायची सोय राहत नाही. "पण ते लोक वाटेल त्याला देत नाहीत," साडू म्हणाला. "मलाच नाही म्हणाले."

साडूला कोणीतरी नाही म्हणालं, ही बातमी ग्रॅमसाहेबांनी त्या रात्री उशाशी घेऊन झोपावी इतकी गोड होती.

नकाराचं कारण साधं होतं. त्या घराण्याची रीत अशी, की मागणी हाताने लिहिलेल्या पत्रानेच करायची. साडूने सेक्रेटरीकडून टाइप करून पाठवलं होतं. ग्रॅमसाहेबांनी पंचनाम्यात मुरलेल्या हाताने चार पानं लिहिली. समास सोडला. प्रत्येक पान क्रमांकित केलं. शेवटी 'वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे' असं लिहून खाली सही केली. तीन आठवड्यांत उत्तर आलं: तुमचं नाव आमच्या वहीत लिहिलं आहे.

ही वही म्हणजे प्रकरण होतं. दोनशे तेवीस वर्षांत त्या मळ्याची बाटली ज्यांनी ज्यांनी ठेवून घेतली त्या सगळ्यांची नावं एकाच जाड वहीत होती. सरदार, सर्जन, जहाजमालक, कोण कोण. आणि सगळ्यांच्या खाली आता ग्रॅमसाहेब. त्यांनी ते पत्र लॅमिनेट केलं आणि हॉलमध्ये घड्याळाखाली लावलं, म्हणजे वेळ बघणाऱ्याला पर्याय राहू नये.

"आपलं नाव," ते बायकोला म्हणाले, "वीज बिल सोडून पहिल्यांदाच कुठेतरी लागलंय."

खोक्याबरोबर नियमांचा कागद आला होता. बाटल्या अंधारात ठेवाव्यात. आडव्या ठेवाव्यात. हलवू नयेत. उग्र वास येऊ देऊ नये. बारा ते चौदा अंश तापमान राखावं. असं करत सातव्या नियमाला शाई जरा गडद होती: दहा वर्षांच्या आत जो कोणी बाटली उघडेल, त्याचं नाव वहीतून खोडण्यात येईल आणि त्या घरातल्या कोणालाही पुन्हा बाटली मिळणार नाही.

"आपण कशाला उघडतोय?" बायको म्हणाली. "आपल्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा कोणी संपवत नाही."

अडीच खोल्यांच्या घरात तेरा अंशांची जागा कुठून आणायची? शेवटी आतल्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, खिडकीला काळा कागद चिकटवला आणि घरातला एकुलता एक एसी तेरावर लावला. त्या दिवसापासून बाटल्या आत झोपायच्या आणि माणसं हॉलमध्ये. कॉलेजात शिकणारी मुलगी मात्र अभ्यासाला आतच बसायची, स्वेटर आणि कानटोपी घालून. "बाबा, माझं शाईचं पेन गोठलं," असं एकदा तिने आतून ओरडून सांगितलं तेव्हा ग्रॅमसाहेबांनी आधी थर्मामीटर पाहिला आणि मग मुलगी. तिला त्या वर्षी आजवरचे सर्वांत जास्त मार्क पडले. ग्रॅमसाहेबांनी ह्याचं श्रेय द्राक्षमळ्याला दिलं. मुलगी म्हणाली, थंडीने झोप लागत नव्हती, दुसरं काही नाही.

वास येऊ नये म्हणून घरात फोडणी बंद झाली. बायकोने ही गोष्ट शांतपणे घेतली. म्हणजे जेवण उकडून वाढायचं, समोर बसायचं, आणि ग्रॅमसाहेब जेवत असताना एक शब्द न बोलता त्यांच्याकडे बघत राहायचं.

वरच्या मजल्यावर बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. त्यांच्या चालण्याच्या मशिनने छत थरथरायचं आणि छतातून ती थरथर कपाटात उतरायची. ग्रॅमसाहेब हात जोडून वर गेले.

"म्हणजे मी चालायचं नाही?" मॅनेजर म्हणाले.

"चाला हो. पण हॉलमध्ये चाला. बेडरूममध्ये नका चालू."

"साहेब, मी तेहतीस वर्षं लोकांचे पैसे सांभाळले. जी ठेव मी चालल्यावर हलते तिला ठेव म्हणत नाहीत." मग थोडं थांबून, "बघायला मिळेल का पण?"

तेव्हापासून मॅनेजर दर रविवारी अकराला बाटल्या बघायला यायला लागले. येताना कोणालातरी घेऊन येत. भिंतीवरचं पत्र दाखवत. कपाट उघडण्याआधी सगळ्यांना चपला काढायला लावत. 'आमच्याकडची वाइन' असं म्हणत. ग्रॅमसाहेबांना हे टोचलं असतं, पण आलेली माणसं कपाटासमोर आवाज खाली आणून बोलत, आणि आपल्या घरात कोणी आवाज खाली आणून बोलावं ही गोष्ट त्यांना नवीन होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे वरून ठीक होतं.

आतून काय चाललं होतं ते फक्त ग्रॅमसाहेबांना माहीत होतं. बाटल्या आल्या त्याच दिवशी, खोक्यातून एकेक उचलून डोळ्यांच्या रेषेत धरताना, त्यांना दिसलं होतं की बाराही बाटल्यांतली पातळी सारखी नाही. एकीत मानेपर्यंत. दुसरीत मानेच्या जरा खाली. तिसरीत बुचाला टेकेल इतकी वर. आणि लेबलवर मात्र बाराही ठिकाणी एकच आकडा: ७५० मिलि.

दुसऱ्या कोणा माणसाने डोळेझाक केली असती. ग्रॅमसाहेबांनीही केली. पण डोळेझाक करायची सवय नसलेल्या माणसाला ती फार महागात पडते. त्यांचं वजन उतरलं. बाजारात तराजूवर हात ठेवला की हात जड व्हायला लागला. एकदा तर एका भाजीवालीला त्यांनी तीन ग्रॅम सोडून दिले, तेव्हा ती घाबरून म्हणाली, "साहेब, घरी सगळं बरं आहे ना?"

चौदा महिने हे गुपित टिकलं. फोडलं ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने. ह्या माणसाचा तराजू ग्रॅमसाहेबांनी दोनदा जप्त केला होता, आणि तरीही तो महिन्याचं सामान स्वतः घरी आणून द्यायचा. प्रेमाने नव्हे, पाळतीवर. एका रविवारी तो मॅनेजरांच्या घोळक्यात घुसला, कपाटापाशी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "ही चौथी जरा कमी वाटते."

खोलीत तेरा अंशांची शांतता पसरली.

"आडवी आहे म्हणून तसं वाटतं," मॅनेजर म्हणाले.

"सगळ्याच आडव्या आहेत की." किराणावाला सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर दोन जप्त तराजूंचं समाधान उमटलं. "आमच्या साखरेत दोन ग्रॅम कमी भरले तर सील. आणि साहेबांच्या कपाटात चमचाभर कमी भरलं तर घराणं?"

ग्रॅमसाहेबांचे कान असे तापले की त्या खोलीचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं असावं. सोमवारी सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला गेले आणि त्यांनी द्राक्षमळ्याविरुद्ध तक्रार दाखल केली.

आता अडचण अशी झाली की त्या भागाचे निरीक्षक तेच होते. तक्रार लिहिली त्यांनी, स्वीकारायची त्यांनी. त्यांनी स्वतःला पोचपावती दिली. मग नियमाप्रमाणे तक्रारदाराला चौकशीची तारीख रजिस्टर पोस्टाने कळवली. पोस्टमन घरी गेला तेव्हा तक्रारदार ऑफिसात होते. पाकीट परत ऑफिसात आलं. 'तक्रारदार पत्त्यावर सापडत नाही' असा शेरा वाचून निरीक्षकाला तक्रारदाराचा मनापासून राग आला, आणि त्यांनी त्याला कडक शब्दांत दुसरं पत्र पाठवलं. ते बायकोने सही करून घेतलं आणि उघडून वाचलं.

"तुम्ही तुम्हालाच गैरहजर राहिल्याबद्दल ताकीद दिलीये," ती म्हणाली.

"पहिलीच आहे. तिसरीनंतर प्रकरण बंद होतं."

"मग आणखी दोन द्या ना! अहो, आपलं नाव आहे त्या वहीत. ताई अजून फोनवर विचारते, कसं काय मिळालं म्हणून. मी चौदा महिने उकडलेलं खातेय ते काय ह्या नोटिशीसाठी?"

ग्रॅमसाहेब वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठांनी फाइल दोन बोटांनी उचलली, जणू ती ओली होती.

"वजन करून बघा की. मोजायला उघडायला कशाला हवी?"

"केलं सर. काचच सारखी नाही. बाटल्या हाताने फुंकलेल्या आहेत. रिकाम्या बाटलीचं वजन कळल्याशिवाय आतलं कळणार नाही."

"म्हणजे ओतूनच मोजावी लागेल."

"होय सर."

"बारीक चुका चालतात हो. एखादी कमी, एखादी जास्त. आपल्याला सरासरी लागते."

"तेच सर. एकदोन उघडून भागणार नाही. साठाच बाराचा आहे. सरासरी काढायची तर बाराही."

वरिष्ठांनी फाइल मिटली. "आणि त्या तुमच्याच आहेत."

"होय सर."

"घरी जा," वरिष्ठ म्हणाले. "दोन दिवस रजा घ्या. नाहीतर चार घ्या."

रजा न घेता त्यांनी मळ्याला नोटीस धाडली. उत्तर हाताने लिहिलेलं आलं. दोनशे तेवीस वर्षं आमच्या घरातली थोरली लेक नजरेने बाटली भरते. आजवर कोणी तिची नजर मोजली नाही. सध्याची थोरली लेक मी. वही घेऊन येत आहे. सातव्या नियमाची आठवण ठेवावी.

ती आली ती ठरल्या तारखेला, सकाळी दहाच्या ठोक्याला. पन्नाशीची बाई. बुटांना माती, हातात कातडी पिशवी, पिशवीत ती वही. हॉलमध्ये आल्यावर तिने भिंतीवरचं लॅमिनेट केलेलं पत्र पाहिलं आणि क्षणभर तिचा चेहरा मऊ झाला. मग आतल्या खोलीत गेली. कपाट, काळा कागद, थर्मामीटर, कोपऱ्यात कानटोपी. सगळं पाहून बाहेर आली.

"आमच्या तळघरातसुद्धा एवढी निगा नाही," ती म्हणाली. "निरीक्षकसाहेब, सरळ सांगते. ही नोटीस मागे घ्या. अशी निगा राखणारी माणसं आम्हाला मिळत नाहीत. दहाव्या वर्षी मी स्वतः येऊन शिक्का मारीन. नाव राहील, बाटल्या राहतील, तुमच्या लेकीच्या कामी येतील."

बायको हातात फडका घेऊन उभी होती. मुलगी दारात होती. मॅनेजर आणि किराणावाला पंच म्हणून खुर्च्यांवर बसले होते. किराणावाल्याने खास ह्यासाठी दुकान बंद ठेवलं होतं, जे त्याने स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं.

ग्रॅमसाहेबांना सगळं दिसत होतं. नाही म्हटलं तर बाराही बाटल्या आज संध्याकाळपर्यंत रिकाम्या. नाव खोडलं जाणार. साडूला कळणार. तो काही बोलणार नाही, नुसता 'हं' म्हणेल, आणि त्या 'हं'चं वजन कुठल्याच काट्यावर मावणार नाही. हो म्हटलं तर... त्यांनी किराणावाल्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. वाट बघत होता. बाजारातली प्रत्येक भाजीवाली, प्रत्येक दुकानदार त्याच्या डोळ्यांतून वाट बघत होता.

"बाई," ग्रॅमसाहेब म्हणाले, "मी एकवीस वर्षं ह्या लोकांची मापं तपासतोय. त्यातल्या एकालाही मी कधी विचारलं नाही की तुझं घराणं किती वर्षांचं. आता तुमचं विचारलं तर त्यांना तोंड कसं दाखवू?"

बाईने पिशवीतून बूच काढायचा स्क्रू काढला आणि टेबलावर ठेवला. "मग निदान नीट उघडा," ती म्हणाली. "ओढाताण नको."

अकरा वाजता मोजमाप सुरू झालं. जेवणाच्या टेबलावर ऑफिसचं काचेचं मोजपात्र. बाई बूच काढायची, ग्रॅमसाहेब ओतायचे, शेवटचा थेंब पडेपर्यंत दीड मिनिट बाटली उलटी धरायचे, मुलगी आकडा लिहायची आणि पंच सही करायचे. मोजून झालेला नमुना तक्रारदाराला परत द्यायचा असतो, म्हणून निरीक्षक तो बायकोकडे सोपवत आणि तक्रारदार म्हणून पावतीवर सही करत. बायको तो मिळेल त्यात ओतत होती.

पहिली: सातशे चव्वेचाळीस.

"सहा कमी!" किराणावाला खुर्चीतून अर्धा उठला.

दुसरी सातशे त्रेपन्न. तिसरी सातशे एक्कावन. तो खाली बसला. चौथी, ती कुप्रसिद्ध चौथी, सातशे बेचाळीस.

"म्हटलं नव्हतं?" किराणावाल्याने मॅनेजरांच्या मांडीवर थाप मारली. "नजर आहे, साहेब! धंद्याची नजर आहे!"

बाईचा चेहरा बदलला नाही, पण पाचवं बूच काढताना तिचा हात जरा थांबला. पाचवी भरली सातशे अठ्ठावन. मॅनेजरांनी ती थाप व्याजासकट परत केली. सहावी बरोबर सातशे पन्नास आली, तेव्हा ग्रॅमसाहेबांना उगाचच गहिवरून आलं. तोवर पाण्याचा जग, कुकर आणि दोन डबे भरले होते. घराला वास सुटला होता, पिकल्या नासपतीसारखा, जरासा ओल्या दगडासारखा. दारावरून जाणारी माणसं जिन्यात उगाच थांबायला लागली होती.

सातवी सातशे सत्तेचाळीस. आठवी सातशे पंचावन्न.

मुलीने कागदावर बेरीज केली आणि मान वर केली. "बाबा, आठ बाटल्या, सहा हजार. सरासरी बरोबर सातशे पन्नास."

खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला. बाईने तर स्क्रू टेबलावर ठेवला. "झालं तर मग," ती म्हणाली. "आता थांबा. नाव गेलं ते गेलं, नियमाला माझा इलाज नाही. पण चार बाटल्या तरी राहतील तुमच्या."

"थांबा हो," बायको हळूच म्हणाली. तिच्या आवाजात गेल्या चौदा महिन्यांचं सगळं उकडलेलं जेवण होतं.

ग्रॅमसाहेबांनी त्या चार बाटल्यांकडे पाहिलं. त्या फार सुंदर दिसत होत्या. लेबलवरचा मळा, उतरणीवरच्या ओळी, कोपऱ्यात बारीक अक्षरात साल. त्यांनी नववी उचलली.

"साठा बाराचा आहे," ते म्हणाले. "आठांवर थांबलो तर उद्या हाच किराणावाला म्हणेल, साहेबांनी सोयीच्या जागी थांबवलं."

"म्हणणारच होतो," किराणावाला प्रामाणिकपणे म्हणाला.

नववी सातशे एकोणपन्नास. दहावी सातशे बावन्न. अकरावी सातशे सेहेचाळीस. मुलीने बेरीज केली, पुन्हा केली, आणि ह्या वेळी तिचा आवाज बारीक झाला. "तीन मिलि कमी पडतायत, बाबा. बारावीत त्रेपन्न तरी हवेत."

म्हणजे आता दोनशे तेवीस वर्षं एका बाटलीवर येऊन थांबली होती. बाई खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. बूच काढलं ते मॅनेजरांनी. ग्रॅमसाहेबांनी बाटली उलटी केली. धार पडली, बारीक झाली, थेंब झाली. दीड मिनिट. शेवटचा थेंब बाटलीच्या तोंडाशी लोंबकळत राहिला आणि पडायचं नाव घेईना. किराणावाला टेबलाशी येऊन वाकला होता. "पड रे," तो पुटपुटला, आणि आपण कोणाच्या बाजूने बोलतोय हे लक्षात आल्यावर स्वतःच चपापला.

थेंब पडला.

ग्रॅमसाहेब गुडघे टेकून टेबलाच्या पातळीला आले. एक डोळा मिटला. "सातशे," ते म्हणाले, आणि गळा साफ केला, "पंचावन्न."

"नऊ हजार दोन!" मुलगी ओरडली. "दोन जास्त!"

"ग्राहकाच्या फायद्यात," ग्रॅमसाहेब म्हणाले, आणि तसेच गुडघ्यांवर राहून त्यांनी नोंद केली.

मॅनेजर टाळ्या वाजवत होते. किराणावाल्याने कपाळावर हात मारला, मग तोच हात बाईपुढे केला. "नजरेने भरता म्हणे," तो म्हणाला. "ताई, आमच्या दुकानात येऊन साखर भराल का?"

बाई वळली तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण मान अशी ताठ होती की हॉल बुटका वाटावा. "माझी आई सांगायची, मोजून बघ कधीतरी," ती म्हणाली. "आजीही सांगायची. पण मोजायची कोणाची छाती झाली नाही. चुकलं असतं तर?"

ग्रॅमसाहेबांनी दाखला लिहिला. समास सोडून, पान क्रमांकित करून. 'बारा नग तपासले. सरासरी माप पूर्ण. तक्रारीत तथ्य आढळले नाही.' खाली निरीक्षक म्हणून सही केली, आणि तक्रारदार म्हणून 'निर्णय मान्य' असं लिहून दुसरी सही. दाखला हातात घेऊन बाईने तो दोनदा वाचला आणि वहीच्या पहिल्या पानात ठेवला. सरदारांच्याही आधी.

मग तिने वही मागून उघडली. शेवटची ओळ, ताजी शाई, ग्रॅमसाहेबांचं पूर्ण नाव. तिने पेन उघडलं आणि ती थांबली.

"मला हे नाव खोडवत नाही," ती म्हणाली.

"सातवा नियम आहे," ग्रॅमसाहेब म्हणाले. "गडद शाईत." त्यांनी बॅगेतून ऑफिसची पोलादी पट्टी काढली, तिच्यावरचा खात्याचा ठसा एकवार पाहिला आणि पट्टी नावावर बेताने ठेवून धरली. "मारा आता. नुसत्या हाताने मारली तर वाकडी येते."

बाईने रेघ मारली. ग्रॅमसाहेबांनी रेघेच्या टोकाला बारीक सही केली, तारीख टाकली, आणि वही बायकोकडे वळवली. बायको चष्मा लावून बराच वेळ वाकून बघत राहिली. आधीच्या पानांवरही तिने नजर टाकली. खोडलेली नावं पुष्कळ होती. कुठे शाई सांडलेली, कुठे फराटे, कुठे रागाने पान फाटलेलं.

"आपलीच सरळ आहे," ती म्हणाली. मग मुलीला हाक मारली, "ये गं, बघ. मोबाइल आण. मावशीला फोटो पाठवायचाय."

पावणेसहा वाजले होते. ऑफिसची वेळ संपली होती, म्हणजे निरीक्षक घरी गेले होते आणि हॉलमध्ये उरला होता तो फक्त तक्रारदार, ज्याचा नऊ लिटरचा नमुना जगात, कुकरमध्ये आणि डब्यांत पडून होता. बायकोने ओगराळ्याने सगळ्यांना कप भरून दिले. किराणावाल्याला जरा कमी भरला गेला, त्याने कप पुढे केला, बायकोने निमूटपणे वर आणखी घातली. मॅनेजर उभे राहून प्यायले, राष्ट्रगीताला उभं राहावं तसे.

ग्रॅमसाहेबांनी कधी दारूला हात लावला नव्हता. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात ठेवला, गिळला, आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. थोरली लेक तर पुढे सरसावून बसली होती.

"कशी आहे?" तिने विचारलं.

ग्रॅमसाहेबांनी डोळे उघडले.

"पूर्ण आहे," ते म्हणाले.

"तेच तर म्हणत होते मी," बाई म्हणाली, आणि तिने आपला कप पुढे केला.